बहात्तरला पाणी होतं

पणजीला नऊ मुलं झाली, जगली तीन. गेलेल्या सहांतली दोन मानमोडीत एकाच आठवड्यात गेली. हे सांगताना ती रडायची नाही, असं आजी सांगे. घरोघर तेच, रडायचं कुणापुढं? 1918 चा तो इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून शिरला आणि निजामाच्या मुलखातल्या आमच्या गावापर्यंत पोचला. देशात एक कोटीहून जास्त माणसं दगावली. विसाव्या शतकात भारताची लोकसंख्या घटली ती 1911 ते 1921 या एकाच दशकात. 1921 मध्येच र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी आयुष्यभर लोकांचा रोष पत्करला.

पुढं पटकी, प्लेग, देवी मागे हटल्या. आजीची सहाच्या सहा मुलं जगली. 1951 साली 36 कोटी असलेला देश 2011 मध्ये 121 कोटींवर गेला, तो अशा घराघरांतून. या वाढीला कुणी पाप म्हणालं की मला पणजीची ती सहा मुलं आठवतात. तिच्या घरात गर्दी झाली असती, तर तिला हवीच होती.

आजीच्या गोष्टी बहात्तरच्या दुष्काळाच्या. खडी फोडून हाताला आलेले घट्टे, पाझर तलावाची माती, अमेरिकेतून आलेली ती लालसर मिलो ज्वारी, पोरांना वाटलेली सुकडी. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमी योजना याच घामातून उभी राहिली. पण सगळं सांगून झालं की आजी हमखास म्हणायची, "खायला नव्हतं रं, पर आडाला पाणी हुतं."

मराठवाड्यातली बरीच म्हातारी माणसं आजही हेच सांगतात. पाणी का होतं, ते आजोबांच्या बोलण्यातून मला कळलं. त्यांच्या तरुणपणी विहिरीवर मोट चाले. बैल थकले की मोट थांबायची, आणि रातोरात झरे विहीर पुन्हा भरून काढायचे. उपसा किती करायचा, हे बैलांच्या दमावर ठरे. मग ऑइल इंजिन आलं, विजेची मोटर आली. ती थकत नाही. विहिरीनं तळ गाठला तेव्हा बोअरची गाडी आली. आपल्याखाली काळा पाषाण आहे. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत मावेल तेवढंच त्याचं पाणी. आमच्या शिवारात आधी दोनशे फुटांवर लागायचं, मग चारशे, मग नुसता फुफाटा. भावाभावांत वाटण्या झाल्या तशी प्रत्येकानं आपापल्या तुकड्यात बोअर मारली. जमिनीला बांध घालता आले, पण खालचं पाणी सगळ्यांचं एकच होतं.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. रेशनच्या दुकानात गहू होता, तांदूळ होता. बहात्तर बरोबर उलटं झालं होतं.

तेव्हा ओट्यावरची माणसं म्हणत, "माणसं लई झाली." माणसं वाढली हे खरंच आहे, आणि पाऊस आहे तेवढाच आहे. पण राज्यात लागवडीच्या जेमतेम चार-पाच टक्के जमिनीवर उभा असलेला ऊस सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी पितो. लातूर तहानलं होतं तेव्हाही त्या टापूत ऊस उभा होता. आमच्याही शेतात होता. त्यात पैसा होता आणि कारखाना जवळ होता. माणसाला प्यायला लागतं ते पाणी उसापुढं काहीच नाही.

जन्मदराचा प्रश्न आपल्याकडं बराचसा सुटला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात बाईमागं सरासरी मुलं आता 1.7 आहेत. मुली शिकल्या, मुलं जगू लागली, आणि कुटुंबं आपोआप लहान झाली. उपशाचा प्रश्न मात्र तसा सुटणारा नाही. तो ठरवून सोडवावा लागतो. हिवरे बाजार या गावानं शेतीसाठी बोअर बंद केली, ऊस बंद केला, आणि दर वर्षी पाऊस मोजून गावसभेत पिकं ठरवली. 2009 च्या भूजल कायद्यानं अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरच्या खाली जायला मनाई केली आहे. तुमच्या गावात बोअरची गाडी आली, तर ती किती फूट जाणार आणि कशासाठी, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. विचारणारा घरचाच असला तर अधिक बरं.