देवळातील गायनाची परंपरा

देवळाचा सभामंडप मुख्यतः भजन-कीर्तनासाठी असतो. तेव्हा जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी तेथील गायनप्रकारांची माहिती देणे अस्थानी होणार नाही.

जालना जिल्ह्यात कीर्तनाच्या दोन वाटा एकत्र येतात. शेजारच्या पैठणास संत एकनाथ महाराजांनी १५९९ साली देह ठेवला. पुढे नऊ वर्षांनी, १६०८ साली, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे समर्थ रामदासस्वामींचा जन्म झाला. समर्थांनी दासबोधात कीर्तनभक्तीवर स्वतंत्र समासच लिहिला आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण व उत्तररंगात आख्यान असते, साथीला पेटी-तबला. वारकरी कीर्तनात एकच अभंग धरून निरूपण चालते. मागे टाळकरी, पखवाजी व विणेकरी उभे असतात. नाथांचे भारूड याहून निराळे. वासुदेव, जोशी अशी सोंगे आणून हसता-हसता परमार्थ सांगितला जातो. बायाबापड्यांना तेच अधिक रुचते. देवीचा गोंधळ संबळ-तुणतुण्यावर, दिवटी पाजळून घालतात.

सर्वांत कठीण तो अखंड हरिनाम सप्ताहातील पहारा. सात दिवस वीणा खाली टेकू द्यावयाची नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दिवसा माणसे मिळतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला मात्र नावे पुढे येत नाहीत, आणि म्हातारे टाळकरीच पुन्हा उभे राहतात. ध्वनिक्षेपकावर गाणी लावून हा पहारा होत नाही. काल्याचे कीर्तन झाल्यावरच वीणा उतरवितात.