वाळूनं राखलेली द्राक्षबाग

आपण डॉगरिज खुंटावर द्राक्षाचं कलम भरतो ते मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. पण युरोपातल्या शेतकऱ्याला परक्या मुळाचा आधार घ्यावा लागला तो एका किडीमुळं. तिचं नाव फायलोक्सेरा. माव्याच्या जवळची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. मूळची अमेरिकेतली, तिकडच्या रोपांबरोबर फ्रान्सला गेली.

१८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेली वाळायला लागल्या. कारण कळेना, कारण मेलेल्या वेलीवर कीड सापडतच नव्हती. ती शेजारच्या जिवंत मुळावर गेलेली असायची. १८६८ मध्ये प्लांशों या शास्त्रज्ञानं अजून जिवंत असलेल्या वेलीची मुळं तपासली आणि चोर सापडला.

उत्तरेकडच्या शॅम्पेन भागात ती १८९० मध्ये त्रेलू गावात पोचली. बागा उपटायला सांगितलं तेव्हा छोट्या शेतकऱ्यांना वाटलं, हा मोठ्या कंपन्यांचा जमिनी गिळायचा डाव आहे. विरोध झाला, कीड पसरत गेली.

उपाय होता अमेरिकन खुंट. पण चुनखडीच्या जमिनीत बरेचसे खुंट पिवळे पडले. म्हणून १८८७ मध्ये व्हियाला नावाचा शास्त्रज्ञ अमेरिकेत गेला आणि टेक्सासच्या चुनखडीत टिकणारी बर्लांडिएरी वेल त्याच्या नजरेत भरली. तिच्या संकरातला ४१ बी खुंट शॅम्पेनला मानवला. आपला डॉगरिजही मूळचा टेक्सासचाच!

कलमामुळं लागवडीची पद्धतही बदलली. आधी तिथं दाब कलमानं बाग वाढवत. जुनी काडी मातीत दाबायची, तिथंच नवी वेल. कलमी वेलीची काडी दाबली तर तिला स्वतःची मुळं फुटणार आणि कीड परत लागणार. म्हणून दाब कलम थांबलं, सरळ ओळी आल्या.

आता मूळ मुद्दा. रीम्स शहराजवळ मेर्फी गावात शार्तोन्य-ताये या शेतकरी कुटुंबाचा 'ले बार' नावाचा तुकडा आहे. मोनिए जातीची वेल, लागवड १९५२ ची, कलम नाही. कीड सगळीकडं असताना मुद्दाम स्वमुळावर लावलेली! शॅम्पेन बहुतेक वेळा अनेक गावांच्या द्राक्षांची मिसळ असते. इथं मात्र या एकाच तुकड्याची वेगळी बाटली निघते.

ती टिकली कशी? जमीन वाळूची. चिकण माती वाळली की भेगा पडतात, त्यातून कीड मुळापासून मुळापर्यंत फिरते. वाळूत भेग राहत नाही, वाट बंद.

पण ही हमी नाही. बोलांजे कंपनीचे असेच कलमाविना तीन तुकडे होते. त्यातला बूझी गावातला तुकडा या शतकाच्या सुरुवातीला फायलोक्सेरानं गेला. शंभर वर्षं उलटली तरी कीड मातीतच होती.

म्हणून शेजाऱ्याचा खुंट बघून आपला ठरवू नका. आधी माती परीक्षण करा, चुनखडी बघा, पाण्याचे क्षार बघा. वरची जात आपण बाजार बघून निवडतो, पण खालचं मूळ जमीनच ठरवते.