हर्नियाची जाळी: बसिनींच्या टाक्यांपासून दोंडाईच्याच्या मच्छरदाणीपर्यंत

रापण ओढताना किंवा होडी वर घेताना जांघेत गाठ येते आणि आडवे झाल्यावर ती आत जाते, तर तो बहुधा हर्निया (अंतर्गळ) असतो. पट्टा बांधून गाठ दाबून राहते. पोटाच्या भिंतीतली फट मात्र बुजत नाही. गोळ्यांनीही बुजत नाही.

फट शिवण्याची पद्धत इटलीच्या एदुआर्दो बसिनी यांनी 1880 च्या दशकात रूढ केली. तिच्यात कमजोर स्नायू ताणून एकमेकांना शिवले जात. ताणामुळे दुखे, टाके सुटत आणि काहींचा हर्निया परत येई. पुढे पॉलिप्रॉपिलीनची जाळी आली. अमेरिकेच्या लिक्टेनस्टाइन यांनी ती न ताणता फटीवर बसवण्याची पद्धत रुळवली. जाळीच्या छिद्रांतून आपलेच तंतू वाढतात आणि भिंत भक्कम होते. म्हणजे जाळी हे नुसते ठिगळ नव्हे.

अडचण किमतीची होती. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले. त्याचा धागाही पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनचाच. त्यांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे युगांडात 302 पुरुषांवर अशीच स्वस्त जाळी आणि महागडी जाळी यांची तुलना झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचाच हर्निया परतला होता, महागड्या गटात कोणाचाही नाही. (घरातली, डासनाशक लावलेली मच्छरदाणी यासाठी चालत नाही, हे सांगायलाच हवे.)

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळी न वापरता रुग्णाच्याच स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरण्याची पद्धत 2001 मध्ये मांडली. ती सगळीकडे होत नाही.

दुर्बिणीने करायची की उघडी, यावर फार अडून बसू नका. तुमच्या सर्जनचा हात कशावर बसला आहे, हे जास्त महत्त्वाचे. जाळी कोणती, तिची किंमत बिलात धरली आहे का आणि जड ओढण्याचे काम कधी सुरू करायचे, हे मात्र आधीच विचारा. काही जणांना जांघेत दुखणे बराच काळ राहते, त्याबद्दलही बोलून घ्या.

गाठ अचानक कडक झाली, आत जाईना, खूप दुखू लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. गाठ चोळत बसू नका, काही खाऊ-पिऊ नका. रात्र असली तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा.