आरोग्यशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण : एमपीएच घेण्यापूर्वी

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस वा नर्सिंगची पदवी घेतल्यावर दवाखाना थाटण्याऐवजी वेगळी वाट शोधणाऱ्यांना 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ' अर्थात एमपीएच हा पर्याय खुणावतो. मात्र दोन वर्षे आणि लाखांचे शुल्क गुंतवण्यापूर्वी या पदवीने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

एमपीएच ही रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार देणारी पदवी नव्हे. एखाद्या वस्तीतून क्षयरोग का हटत नाही, लस शेवटच्या पाड्यापर्यंत का पोचत नाही, अशा प्रश्नांचा साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र आणि आरोग्य अर्थशास्त्राच्या आधारे शोध घेणारे हे शिक्षण आहे. 'एमडी कम्युनिटी मेडिसिन' ही पदवी निराळी. तिच्यासाठी एमबीबीएस आणि नीट-पीजी अनिवार्य. या दोहोंची गल्लत अनेक पालक करतात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दोघेही आधी एमडी झाले आणि नंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. गडचिरोलीतील त्यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील प्रशिक्षित महिलेच्या हातून बालमृत्यू कमी होऊ शकतात, हे त्यात मोजून दाखवले होते. हे मोजणे हाच या शास्त्राचा गाभा. आकडेमोडीचा कंटाळा असणाऱ्यांनी या वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून एमपीएच शिकवले जाते. मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत एमपीएच आणि रुग्णालय प्रशासनाची एमएचए या दोन्ही पदव्यांची सोय आहे. रुग्णालयाचे व्यवस्थापन हेच ध्येय असेल तर एमएचए अधिक सयुक्तिक ठरते. गणिताची गोडी असणाऱ्यांसाठी गोवंडीची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम हीच संस्था पाहते.

नोकरीचे चित्र संमिश्र आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर जिल्हा पातळीवर कार्यक्रम व्यवस्थापनाची पदे निर्माण झाली. पण अभियानातील बहुतांश पदे कंत्राटी आहेत. स्वयंसेवी व संशोधन संस्थांतही नेमणूक अनेकदा प्रकल्पाच्या मुदतीपुरतीच असते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते ठरवताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. सरकारी वैद्यकीय अधिकारी पदासाठी मूळ वैद्यकीय पदवी आणि नोंदणीच लागते. एमपीएचमुळे ती अट शिथिल होत नाही.

दूरशिक्षणाच्या जाहिरातींबाबत विशेष सावधगिरी हवी. संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरशिक्षण वा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. पोषण व आहारशास्त्र, तसेच मानसशास्त्र यांचाही त्यात समावेश आहे.

माहितीपुस्तिकेत इमारतीची छायाचित्रे भरपूर असतात. त्याऐवजी क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे व कोणत्या जिल्ह्यात होते, प्रबंधासाठी विद्यार्थी स्वतः माहिती गोळा करतात की तयार आकडेवारी वापरतात आणि पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, याची विचारणा करावी. मागील दोन तुकड्यांतील विद्यार्थी सध्या कोठे काम करतात, हे संस्थेऐवजी त्या विद्यार्थ्यांकडूनच जाणून घेतलेले बरे.