ग्राममार्ग

पालघर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत इंटरनेट पोहोचवण्यासाठी आयआयटी मुंबईने उभारलेले बिनतारी जाळे. प्रकल्पाचे प्रमुख होते प्रा. अभय करंदीकर. सरकारी योजनेतला ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीच्या कचेरीशी येऊन थांबतो. ओढ्यापलीकडच्या, टेकडीआडच्या पाड्यापर्यंत चर खणून केबल टाकणे विरळ वस्तीत परवडत नाही.

तोड निघाली ती दूरदर्शनच्या लहरींत. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झची एक, अशा १५ वाहिन्या बसतात. दूरदर्शनच्या प्रक्षेपकांच्या माहितीवरून करंदीकर आणि सहकाऱ्यांनी २०१४च्या सुमारास हिशेब मांडला, तेव्हा देशात जवळपास सगळीकडे त्यांतल्या किमान १२ रिकाम्या निघाल्या. या लहरी डोंगराळ मुलखाला मानवतात. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब, तर ५०० मेगाहर्ट्झची ६० सेंटिमीटर. ती झाडोऱ्यातून कमी क्षीण होते आणि टेकडीच्या कडेवरून थोडी वळतेही.

डोंगरावर आपटून उशिरा येणारे प्रतिध्वनी मात्र मूळ संदेशात मिसळतात. म्हणून माहिती एकाच वेगवान प्रवाहात न धाडता अनेक अरुंद उपवाहकांवर वाटतात. त्यामुळे प्रत्येक चिन्ह, म्हणजे एका वेळी धाडलेला माहितीचा तुकडा, लांबते. चिन्हाच्या शेपटाची नक्कल त्याच्याच पुढे जोडतात. आधीच्या चिन्हाचा प्रतिध्वनी या जोडतुकड्यावरच येऊन पडतो. ग्राहकयंत्र तेवढा भाग टाकून देते आणि उरलेल्यावर जलद फूरिये रूपांतर करून उपवाहक सुटे करते. या सगळ्या तंत्रात सर्वांत सुंदर भाग हाच.

दूरदर्शनच्या पट्ट्यातली पहिली चाचणी प्रायोगिक परवान्यावर खामलोली परिसरातील सात गावांत झाली. पुढे २५ गावांसाठी परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झ पट्टा घेतला. त्याला दोन टोकांमध्ये सरळ दृष्टिरेषा लागते, म्हणून उंच खांब आले. २०१७ मध्ये प्रकल्पाला मोझिलाच्या स्पर्धेत १ लाख २५ हजार डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले.

दूरदर्शनने आपले बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपक नंतर बंद केले, म्हणजे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा आणखी मोकळा झाला. तरी तो परवान्याविना वापरण्याची मुभा मिळाली नाही. अडले ते इथे, तंत्रापाशी नव्हे. गरज मात्र पालघरपुरती नाही: शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतही भूरचना तशीच आहे, वस्तीही पाड्यापाड्यांची.