मोडींतली वीज

१९४५ सालीं दुसरें महायुद्ध संपलें आणि दोस्त राष्ट्रांच्या लष्करी कोठारांत रेडिओच्या सामानाचे ढीग उरले. विमानांतलीं ग्राहकयंत्रें, प्रक्षेपक, रडारचे सुटे भाग, सारें मूळ किंमतीच्या अल्पांशानें विकलें गेलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत बर्नार्ड लोव्हेल यांनीं लष्कराचें जुनें रडार, मँचेस्टरमधील ट्रामगाड्यांच्या विद्युत्-कोलाहलापासून दूर, जोड्रेल बँक येथें विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या शेतांत नेऊन मांडलें. तेथेंच पुढें जगद्विख्यात वेधशाळा उभी राहिली. परंतु मला आज बोलावयाचें आहे तें घरच्या टेबलावर डाख देत बसणाऱ्या हौशी मंडळींविषयीं.

अमेरिकन विमानांतला रेडिओ २८ व्होल्टवर चाले. त्याच्या व्हॉल्व्हांस लागणारे सुमारें २५० व्होल्ट डायनामोटर नांवाच्या यंत्रांतून मिळत; एकाच आंसावर मोटार आणि डायनामो अशी त्याची रचना. घरांत त्याचा उपयोग काय? म्हणून हौशी मनुष्य तें काढून टाकी आणि त्या जागीं घरच्या विजेवर चालणारा ट्रान्स्फॉर्मर व रेक्टिफायर स्वहस्तें बांधी. हें कसें करावें तें सांगणारें 'सरप्लस रेडिओ कन्व्हर्शन मॅन्युअल' नांवाचें पुस्तकच १९४८ सालीं अमेरिकेंत निघालें. म्हणजे त्या काळीं रेडिओ मोडींत मिळे आणि विजेची तजवीज आपण करावी लागे. आज हें गणित नेमकें उलटें झालें आहे. आज मोडींत मिळते ती वीज पुरविणारी पेटीच, म्हणजे पॉवर सप्लाय.

ही पेटी हलकी कशी झाली तें आधीं पाहूं. घरांतली वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. इतक्या मंद गतीस लोखंडाचा जड ट्रान्स्फॉर्मर लागतो. तीच वीज प्रथम एकदिश करून मग सेकंदास हजारों वेळां तोडली-जोडली, तर मुठींत मावेल एवढा ट्रान्स्फॉर्मर पुरतो. ही युक्ति कोणा एकाची नव्हे. पण १९७७ च्या ॲपल-टू या घरगुती संगणकांत रॉड होल्ट यांनीं ती बसविली आणि ती सामान्य घरांत पोंचली. पुढें १९९५ च्या एटीएक्स पद्धतींत एक हिरवी तार आली. ती काळ्या तारेशीं जोडल्याखेरीज पेटी जागी होत नाहीं. हें कळल्यावर जुन्या संगणकाची पेटी अनेकांच्या प्रयोगशाळेंत जाऊन बसली.

सर्व्हर, म्हणजे अहोरात्र चालणारे मोठे संगणक, यांची पेटी याहूनहि बलवान. १२ व्होल्टवर १२०० वॉटची पेटी १०० अँपिअर देते. सर्व्हरांत सहसा अशा दोन पेट्या जोडीनें असतात, कीं एक बिघडली तर दुसरीनें भार घ्यावा. दोन्ही चालू असतां प्रत्येकीवर निम्माच भार. म्हणून कांहीं वर्षांनीं सर्व्हर मोडींत निघतो तेव्हां पेटी बहुधा धडधाकट असते. पण नव्या नमुन्याच्या खांचेंत ती बसत नाहीं, आणि एवढ्याच अपराधासाठीं ती भंगारांत जाते. लहान विमानांच्या बॅटऱ्या भरणाऱ्यांनीं आणि हौशी रेडिओवाल्यांनीं तिला उचललें.

येथें मला एक तक्रार नोंदवावीशी वाटते. लष्कराच्या यंत्राबरोबर माहितीपुस्तक असे, त्यांत मंडलाची आकृति असे. ही पेटी मात्र मुकी येते. खांचेंत नीट बसल्याची खूण मिळेपर्यंत ती चालू होत नाहीं, व तें योग्यच; नाहीं तर बाहेर काढतांच तिचीं उघडीं पातीं जिवंत राहतील. पण ती खूण कोणत्या पिनेवर? हौशी लोकांनीं मीटर लावून एकेक पीन चाचपली आणि परस्परांस सांगितली. प्रत्येक बनावटीची तऱ्हा निराळी.

माझा एक जुना विद्यार्थी जुन्या बाजारांतून अशी पेटी घेऊन आला. १२ व्होल्ट म्हणजे शाळेंतल्या बॅटरीचीच जात, असें समजून मीं घंटेची बारीक तार तिला जोडली. टोंकें एकमेकांस लागलीं मात्र, तार लाल होऊन वितळली आणि टेबलावर काळा डाग राहिला. माझें वय व अनुभव तेथें उपयोगी पडला नाहीं. बारा व्होल्टांचा धक्का बसत नाहीं हें खरें, परंतु १०० अँपिअर भाजतात. पेटीच्या पोटांत तर ४०० व्होल्टांच्या आसपास दाब असतो, आणि दोर काढल्यावरहि तो कांहीं वेळ टिकतो. कित्येक जण २४ व्होल्टांसाठीं दोन पेट्या एकापुढें एक जोडतात. ऋण टोंक धातूच्या कवचाशीं आणि कवच जमिनीशीं जोडलेलें असल्यानें दुसरी पेटी तत्काळ अडते. मग कोणी तिची जमिनीची तारच तोडतो. ज्या तारेनें जीव वांचावयाचा तीच तोडणें याला मी कौशल्य म्हणणार नाहीं.

त्या विद्यार्थ्यानें पुढें जाड तारा व फ्यूज घालून ती पेटी नीट बसविली. पेटींतल्या त्या जलद तोडजोडीची खरखर रेडिओंत ऐकूं येई. तिच्यावर फेराइटचीं कडीं घालून त्यानें पुष्कळ उतार मिळविला. आतां त्याचा परवान्याचा रेडिओ तीवरच चालतो. फक्त पंखा इतका किंचाळतो कीं, रात्रीं दहानंतर ती लावण्यास त्याच्या मातोश्रींची मनाई आहे.