कॉफी मेकर (घरगुती)

कॉफी मेकर म्हणजे भाजून दळलेल्या कॉफीच्या पुडीतील विद्राव्य घटक गरम पाण्याच्या साहाय्याने वेगळे काढून पेय तयार करणारे पात्र अथवा यंत्र होय. पितळी फिल्टरपासून विजेवर चालणाऱ्या एस्प्रेसो यंत्रापर्यंत त्याचे अनेक प्रकार आहेत. पाणी व पूड यांचा संपर्क कसा, किती वेळ आणि किती दाबाखाली येतो, यावरून हे प्रकार वेगळे ठरतात. पेयाची चव, पुडीची जाडी, लागणारा वेळ व देखभाल या बाबी बहुतांशी याच भेदातून निघतात. त्यामुळे घरासाठी कॉफी मेकर निवडताना किमतीआधी हा भेद विचारात घ्यावा लागतो. इन्स्टंट कॉफी पाण्यात थेट विरघळत असल्याने तिच्यासाठी अशा पात्राची गरज नसते.

तत्त्व

पुडीतील घटक पाण्यात उतरण्याच्या क्रियेस निष्कर्षण म्हणतात. आंबट चवीचे घटक लवकर, तर कडू व तुरट घटक उशिरा उतरतात. निष्कर्षण अपुरे झाल्यास कॉफी आंबट व पाणचट होते. अति झाल्यास कडू होते. पूड जितकी बारीक तितके निष्कर्षण जलद होते. म्हणून पाणी व पूड जास्त वेळ एकत्र राहणाऱ्या पात्रासाठी जाडसर, तर थोड्या वेळात काम उरकणाऱ्या यंत्रासाठी बारीक पूड वापरतात. गाळीव काळ्या कॉफीसाठी 1 लिटर पाण्यास सुमारे 55 ग्रॅम पूड आणि 92 ते 96 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते.

प्रमुख प्रकार

दक्षिण भारतीय फिल्टर : यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची दोन भांडी एकावर एक बसतात. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात पूड घालून ती दांडा असलेल्या सच्छिद्र चकतीने हलकेच दाबतात व वरून उकळते पाणी ओततात. साधारण 15 ते 20 मिनिटांत खालच्या भांड्यात दाट अर्क जमतो. त्यास डिकॉक्शन म्हणतात. त्यात गरम दूध व साखर मिसळून कॉफी करतात. या फिल्टरला वीज किंवा कागद लागत नाही.

फ्रेंच प्रेस : काचेच्या उभट भांड्यात जाडसर पूड व गरम पाणी सुमारे 4 मिनिटे ठेवून जाळीचा दट्ट्या खाली दाबतात. आजच्या रूपाशी जुळणाऱ्या प्रेसचे पेटंट इटलीच्या अत्तिलिओ कालिमानी यांनी 1929 साली घेतले. कॉफीचे तेल व थोडा गाळ पेयात राहत असल्याने चव भरदार लागते.

कागदी गाळणीची पात्रे : जर्मनीतील ड्रेस्डेन येथील गृहिणी मेलिटा बेंट्झ यांनी 1908 साली कागदी गाळणीचे पेटंट घेतले. आरंभीच्या प्रयोगात त्यांनी छिद्रे पाडलेले पितळी भांडे व मुलाच्या वहीतील टीपकागद वापरला होता. विजेवर चालणारी ठिबक यंत्रे याच पद्धतीची आहेत. यांतील कॉफी नितळ व सौम्य असते.

मोका पॉट : 1933 साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावाशी जोडलेले हे ॲल्युमिनियमचे पात्र प्रचारात आले. शेगडीवर तापल्यावर खालच्या कप्प्यातील वाफेचा दाब पाण्याला पुडीतून वर ढकलतो. हा दाब साधारण 1 ते 2 बार असतो. पाणी सुरक्षा झडपेच्या खालपर्यंतच भरावे लागते. पूड ठासून भरल्यास पाण्याचा मार्ग अडून दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो.

एस्प्रेसो यंत्र : सुमारे 9 बार दाबाने, 25 ते 30 सेकंदांत, अतिशय बारीक पुडीतून पाणी दाबले जाते. इटलीच्या अँजेलो मोरिओंदो यांनी 1884 साली वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचे पेटंट घेतले. लुइजी बेझेरा व अकिले गाजा यांनी पुढे त्यात सुधारणा केल्या. काही घरगुती यंत्रांवर छापलेला 15 बार हा आकडा पंपाची कमाल क्षमता दर्शवतो. तो चवीचा निकष नव्हे. पंपाविना केवळ वाफेवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांची कॉफी मोका पॉटच्या कॉफीशी अधिक मिळतीजुळती असते.

कॅप्सूल यंत्र : यात मोजून बंद केलेल्या पुडीची कॅप्सूल वापरतात. श्रम कमी लागतात; परंतु प्रत्येक कपाचा खर्च वाढतो, कचरा निर्माण होतो आणि यंत्रास जुळणाऱ्या कॅप्सूलवरच अवलंबून राहावे लागते.

निवडीचे निकष

पेयाचे स्वरूप : दूध घालून पिण्यासाठी दाट अर्क लागतो. त्यासाठी दक्षिण भारतीय फिल्टर, मोका पॉट किंवा एस्प्रेसो यंत्र सोयीचे ठरते. काळ्या कॉफीसाठी कागदी गाळणी किंवा फ्रेंच प्रेस योग्य असते.

पूड : भारतात फिल्टर कॉफी म्हणून मिळणारी पूड बरीच बारीक असते व तीत अनेकदा चिकोरी मिसळलेली असते. अशी पूड फ्रेंच प्रेसच्या जाळीतून निसटते व पेय गढूळ होते. अशा वेळी दोष पुडीचा असतो, पण ठपका पात्रावर येतो. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान 51 टक्के असावे लागते.

कपांची संख्या : मोका पॉट त्याच्या ठरलेल्या मापाने भरल्यासच नीट चालतो. त्यामुळे एकट्या व्यक्तीने मोठा पॉट घेणे गैरसोयीचे ठरते.

शेगडी व वीज : साधा ॲल्युमिनियमचा मोका पॉट इंडक्शन शेगडीवर तापत नाही, त्यासाठी चुंबक चिकटेल असा तळ लागतो. भारतातील घरगुती वीज 230 व्होल्टची आहे. अमेरिकेहून आणलेले 120 व्होल्टचे यंत्र येथे थेट जोडल्यास जळू शकते.

आरोग्य : न गाळलेल्या कॉफीतील कॅफेस्टॉल हा घटक रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी गाळणीत तो बहुतांशी अडकतो, धातूच्या जाळीत अडकत नाही. कोलेस्टेरॉल वाढलेल्या व्यक्तींसाठी हा भेद महत्त्वाचा आहे.

देखभाल : फिल्टरची छिद्रे बुजणे, मोका पॉटचे रबरी कडे झिजणे आणि विजेच्या यंत्रात क्षारांचा थर साचणे या नेहमीच्या अडचणी आहेत. कठीण पाण्याच्या प्रदेशात क्षार वारंवार काढावे लागतात. सुटे भाग व दुरुस्ती जवळपास मिळते का, हे खरेदीपूर्वी पाहणे हिताचे असते.

महाराष्ट्रात

भारतातील बहुतांश कॉफी कर्नाटक, केरळ व तमिळनाडूत पिकते. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे तिची लागवड आहे. मराठी घरांत पूड दूध-साखरेत उकळून, जायफळ किंवा वेलची घालून व गाळून घेण्याची पद्धत रूढ आहे. तिला पातेले व गाळणी एवढेच पुरते. तीच चव प्रिय असणाऱ्या घराला वेगळ्या यंत्राची आवश्यकता भासत नाही.